कडेत अडकलेली चिठ्ठी

मित्रांनो, माझं झाकण उघडलंत तर आत सुया, रिळं आणि चार सुटी बटणं दिसतील. तेवढ्यावरून माझी पारख करू नका. मी जुना, पोचे आलेला पत्र्याचा डबा आहे खरा, पण एके काळी माझ्या पोटात दोन गावं मावली होती.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. पहिली आठवण फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या बेकरीची. लोणी-साखर लावून खरपूस भाजलेल्या पावाचा तो वास! नाताळात कुणीतरी मला गणिताच्या युफ्रोसिना बाईंना भेट दिलं. खाऊ वर्गाने दोन दिवसांत फस्त केला. मग बाईंनी मला धुतलं आणि माझ्यात मक्याचे दाणे भरले, पांढरे नि जांभळे. मुलं डोळे मिटून करवंटीच्या पळीने पन्नास दाणे काढायची आणि जांभळे मोजायची. कुणाचे बारा यायचे, कुणाचे सतरा, आणि मग जी भांडणं लागायची!

आमच्याकडे नक्की माहीत नसलं की आकड्याआधी ‘मंगा’ लावतात. तुम्ही पन्नासला शेपूट लावून ‘पन्नासेक’ म्हणता ना, तसंच. बाई म्हणायच्या, “मंगा म्हणायला लाजू नका. फक्त तुमचा मंगा किती लांब आहे, तेही सांगा.” मग त्या फळ्यावर अंदाजाचा एक पट्टा काढायच्या, एका टोकाला खालचा आकडा, दुसऱ्या टोकाला वरचा. शंभर वेळा दाणे काढून असे शंभर पट्टे आखले, तर पंच्याण्णवेक पट्ट्यांत डब्यातल्या जांभळ्यांचा खरा वाटा सापडतो आणि पाचेकांतून निसटतो. आपला पट्टा त्यातला कोणता, हे मात्र कळत नाही. हे सांगताना बाईंचा हात माझ्या झाकणावर असायचा. तो हात मला अजून आठवतो.

एका वर्षी डोंगरातला दवाखाना बंद करायचं घाटत होतं. तिथे सुईण होती साल्वासिओन, बाईंची जुनी विद्यार्थिनी. किनाऱ्यावरचं आमचं गाव आणि डोंगरातलं गाव मिळून तो एकच दवाखाना. निम्म्याहून जास्त कुटुंबं तिथे जातात असं दिसलं, तरच तो राहणार होता. नाहीतर पोटुशी बायकांनी दोन तास मोटारसायकलच्या मागे बसून खाली यायचं.

पाहणी केली सरकारी खात्यातल्या गाल्वेझ साहेबांनी. कुटुंबांची यादी आडनावांप्रमाणे लावलेली. त्यांनी वरची शंभर नावं घेतली. जेमतेम वीस कुटुंबं दवाखान्यात जाणारी निघाली. बाईंनी यादी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. अहो, स्पॅनिश अमलात आमच्याकडे गावागावाला एकेका अक्षराची आडनावं वाटलेली; आमच्या गावात झाडून सगळी ‘ग’ची आणि डोंगरातली सगळी ‘त’ची! शंभरच्या शंभर माणसं किनाऱ्यावरची, शहरातल्या इस्पितळात जाणारी. साहेबांना डोंगर भेटलाच नव्हता.

बाईंनी माझ्यातला मका काढला आणि दोन्ही गावांतल्या एकोणीसशे कुटुंबांच्या चिठ्ठ्या भरल्या. मला असं काही गदागदा हलवलं की विचारू नका! शंभर चिठ्ठ्या काढल्या, घरोघरी जाऊन विचारलं. अठ्ठावन्न कुटुंबं ‘जातो’ म्हणाली. पट्टा आला अठ्ठेचाळीस ते अडुसष्ट.

साल्वासिओनचे डोळे भरून आले. “बाई, अठ्ठावन्नच सांगा ना. खोटं थोडंच आहे?”

बाईंनाही तेच सांगायचं होतं, मला ठाऊक आहे. “खोटं नाही गं,” त्या म्हणाल्या, “पण अर्धंच आहे. पन्नास अजून पट्ट्याच्या आत बसलंय.”

चौपट माणसांना विचारलं की पट्टा निम्मा होतो. बाईंनी साहेबांकडून आठ दिवस मागून घेतले आणि आणखी तीनशे चिठ्ठ्या काढल्या. गुडघा सुजलेला, तरी मला काखोटीला मारून त्या डोंगर चढल्या. चारशेत दोनशे अठ्ठावीस जण ‘जातो’ म्हणाले, म्हणजे शंभरात सत्तावन्न. पट्टा झाला बावन्न ते बासष्ट. पन्नास बाहेर पडलं आणि दवाखाना राहिला. त्या दिवशी साल्वासिओनने माझीसुद्धा पापी घेतली!

पुढे बाई लेकीकडे कॅनडाला गेल्या आणि मला साल्वासिओनकडे ठेवून गेल्या. आता मी दवाखान्याच्या फळीवर असतो. बाळं रडतात ते ऐकून बरं वाटतं. पण मला कुणी हलवत नाही. डोळे मिटून आत येणाऱ्या हाताची मी किती वाट पाहतो, कसं सांगू?

एक गोष्ट बाईंनाही माहीत नाही. माझ्या तळाची कड दुमडलेली आहे. सगळ्यात आधी टाकलेली चिठ्ठी तिच्यात शिरली ती शिरलीच. कितीही हलवलं तरी सुटली नाही. तिच्यावर लिहिलंय, ‘युफ्रोसिना गुम्बान’. एकोणीसशेतल्या एका नावाने पट्टा हलला नसता, हे मला कळतं. पण प्रत्येक नावाला सारखी संधी हवी, असं सांगणाऱ्या बाईंनाच ती मिळाली नाही.

म्हणून मित्रांनो, लोकांना मोजायला निघालात, तर डबा हलवण्याआधी कडेतून बोट फिरवा. कुणी अडकलं असेल, तर सोडवा.

माझ्या कडेत मात्र बोट घालू नका. बाईंचं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे.