उपासाच्या दिवसाची गोळी

ब्याण्णव सालच्या भाद्रपदात माझ्या बायकोचं, सुमनचं, कशातच मन लागेना. चूल, देव, शेजार, सगळं सुटलं. वालूरहून परभणीला नेलं. डॉक्टरांनी उदासीनतेवरच्या तीस गोळ्या दिल्या; रोज दुपारी जेवणानंतर एक. पंधरा दिवस झाले. भाकरी मीच थापत होतो, आणि हात भरून येत होते.

रविवारी मुलगा बन्सीधर म्हणाला, "दादा, काय फरक न्हाई. उद्यापासून गोळ्या बंद. पालमकडं एक देवऋषी हाय, त्याला दाखवू."

सहावीतली नात मनकर्णा म्हणाली, "आबा, तापाची गोळी तर लगेच लागू पडती. ही का न्हाई?"

थकलो होतो; पण पोरीनं विचारल्यावर मला गप्प बसवत नाही.

"शाळेत परीक्षेचा मूळ कागद हेडमास्तरांच्या कपाटात असतो. वर्गात येतात त्या नकला. मेंदूच्या पेशीतही मूळ मजकूर आत बंद असतो. बाहेर येते ती त्याची नक्कल, संदेशवाहक आरएनए. ती वाचून पेशी विकरं, म्हणजे कामकरी प्रथिनं, बनवते, आणि त्यांतली काही विकरं एका पेशीचा निरोप दुसरीला नेणारी द्रव्यं तयार करतात; मन लागणं त्यांच्यावरच. नकला जितक्या, विकर तितकं. नकला लवकर विरतात, म्हणून पुन्हा काढाव्या लागतात. किती काढायच्या, ते शेजारच्या पेशींचे निरोप बघून ठरतं. गोळी ते निरोप बदलते. पण एका दिवसाच्या निरोपावर पेशी आपली रीत मोडत नाही."

"मधेच एखादा दिवस चुकला तर?"

"तर आणखी लांबतं."

मनकर्णा उठली, गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. "आबा, पंधरा उरायला पायजेत. वीस हायेत!"

भिंतीकडं तोंड करून सुमन म्हणाली, "दोन सोमवार, दोन गुरुवार, एक एकादशी. डाक्टर म्हनला जेवल्यावर. उपासाला कुठं जेवण असतंय?"

चाळीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. घरात एकदा विचारलं नाही.

"आई, तुजं बी लय अवघड हाय," बन्सीधर हसला. मग माझ्याकडं वळला. "आता?"

"आता पहिल्यापासून. चार आठवडे, एकही दिवस न चुकता."

तो दाराकडं निघाला. "दिवाळीपर्यंत थांबतो. मग न्हाई."

सोमवारी दुपारी मनकर्णानं भगरीची ताटली सुमनपुढं ठेवली. "आजी, भगर खाल्ली म्हंजे जेवणच."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी."

"त्यांना काय कळतंय उपासातलं!" तिनं चार घास खाल्ले, तोंड वाकडं करून गोळी गिळली आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

मी परातीत पीठ घेतलं. अजून सत्तावीस दिवस.