सीलची वेळ

रोहिणी त्या फायलींपायी अगदी मेटाकुटीला आली होती. ती नोकरी करायची त्या केज-धारूर रस्त्यावरच्या जिनिंगमधून कापसाच्या गठाणी परदेशी जायच्या, आणि यंदा तिकडच्या गिऱ्हाइकानं अट घातली होती: कंपनीला सुरक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. म्हणजे कंटेनर भरल्यापासून बंदरात पोचेपर्यंत त्यात कुणी हात घातला नाही, याची खात्री. प्रमाणपत्र नाही तर ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही तर कापूस निवडणाऱ्या चतुराबाईच्या शिफ्टमधल्या बावीस बाया घरी. चार महिने कुंपण, कॅमेरे, कुलपं, पाहुण्यांची वही हे सगळं लचांड रोहिणी एकटी निस्तरत होती. कौतुकाला कुणी फिरकलं नाही. चुका काढायला मात्र सगळे हजर.

आज ऑडिटर आले होते. पुण्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. सकाळपासून एकेक गोष्ट पास होत गेली. जेवणानंतर त्यांनी सीलची वही मागितली. नेमकी तीच रोहिणीला दाखवायची नव्हती.

झालं होतं असं. नियम सांगतो, कंटेनर भरला की लगेच दार लावा, सील ठोका. पण मालक सुंदरराव पडले कॅलेंडर बघणारे! मंगळवारी तीनला कंटेनर भरला, तर म्हणाले, "राहुकाळात सील? येडी का काय तू? साडेचारपर्यंत हात लावायचा न्हाई." रोहिणीनं परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी सील लागलं चार पस्तीसला. आता परक्या माणसाला राहुकाळ सांगायचा तरी कोणत्या तोंडानं? आपलं हसं होईल, या लाजेनं तिनं वहीत वेळ लिहिली: तीन पाच.

ऑडिटरांनी शेजारची दुसरी वही ओढली. ती गेटवरच्या राखणदाराची, निवृत्तीची. गाड्यांचे नंबर लिहायची वही, त्यात काय बघायचं म्हणून रोहिणीनं ती कधी उघडलीच नव्हती. तिच्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'मंगळवार. ३ ते ४.३५ कंटेनरचं दार उघडं. कारण राहुकाळ. मी दारापुढं खुर्ची टाकून बसलो. पाण्यालाबी उठलो न्हाई. आत कुणी गेलं न्हाई.'

निवृत्तीला बोलावलं. "आमी राहू-केतू मानत न्हाई साहेब," तो म्हणाला. "पण दार उघडं व्हतं. मंग बसावंच लागतंय की."

ऑडिटरांनी दोन्ही वह्या रोहिणीपुढं शेजारी शेजारी उघडून ठेवल्या.

"मॅडम, हे चाललं असतं. दार उघडं होतं, पण राखणीला माणूस होता, कारण लिहिलेलं होतं. पुढच्या वेळी सुधारा, असा शेरा मारून मी पुढं गेलो असतो. पण तुमची वेळ खोटी आहे. एक खोटी निघाल्यावर बाकीच्या मी खऱ्या कशा धरू?"

"सर, मालकांनीच..."

"वेळ बदलायला मालकांनी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. ते तिचं तिनंच केलं होतं.

प्रमाणपत्र अडलं. फेरतपासणी सहा महिन्यांनी. तोवर कापूस कुठला उरतोय! सुंदररावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "दिवसच वाईट धरला बघ तू," आणि पुन्हा कॅलेंडरकडं वळले. रोहिणीला भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

ती कापूस निवडणाऱ्या बायांच्या शेडमध्ये गेली. डोक्याला फडकी बांधलेल्या सगळ्याजणी हात थांबवून बघायला लागल्या.

"काय ओ म्याडम, झालो का पास?" चतुराबाईनं विचारलं.

मालकाचा राहुकाळ आडवा आला, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. बायांनी सुंदररावांच्या नावानं बोटं मोडली असती आणि तिला चहा दिला असता. रोहिणीला त्या चहाचा फार मोह झाला.

"न्हाई झालो," ती म्हणाली. "मी वहीत खोटं लिहिलं, म्हणून."

चतुराबाईनं ओंजळीतला कापूस हळूच ढिगावर ठेवला.

"मंग उद्या यावं का न्हाई आमी?"