दहा शतांशांची खोट

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर आहे आणि मी क्षमाशील नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या आणि फाटकी पुस्तकं तुम्हाला भेटली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळी होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

व्हर्नियर म्हणजे पोलादाची मोजपट्टी. मला दोन जबडे आहेत, एक पक्का आणि एक सरकता. मधे वस्तू धरली की केसाहून बारीक फरकही मी सांगतो. जबडे पूर्ण मिटले की माझ्यावरच्या शून्याच्या दोन रेघा एकमेकींसमोर यायला हव्यात. तेवढं जमलं तर माझा शब्द खरा. साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये मी नवा कोरा आलो तेव्हा माझा शब्द खरा होता.

तिथे मला ओळखलं ते दशरथनं. तो गिरणीत फिटर होता. संपात गिरणी बसली आणि तो आमच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर आला. रोज सकाळी तो मला मऊ फडक्यानं पुसायचा, जबडे मिटून उजेडासमोर धरायचा आणि म्हणायचा, "आधी तोंड मिट, मगे बोल." जबड्यांमधून उजेड दिसला नाही की मगच तो लोखंडाला हात लावायचा. त्याच्या हातात मला माझा अभिमान वाटायचा.

दुसरे होते आमचे सुपरवायझर, विद्याधर साहेब. डिप्लोमा झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. चौऱ्याऐंशी सालच्या एका दुपारी सगळे बाहेर डबा खात होते. साहेबांनी मला उगाच उचललं, लेथवर कातलेली कसलीशी लोखंडी पिन मोजली आणि मी त्यांच्या हातून निसटलो. तोंडावर आपटलो. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग मला रुमालानं पुसून त्यांनी पेटीत ठेवलं.

माझं पडणं ही चूक होती, मित्रांनो. हातातून वस्तू पडते, त्याबद्दल माझा राग नाही. त्या रुमालाबद्दल आहे.

दशरथ जेवून आला तेव्हा साहेबांनी स्वतः मला त्याच्या हातात दिलं. "घे. बघितलंय मी, बरोबर आहे." दशरथनं साहेबांचा शब्द मानला आणि त्या एका दुपारी माझं तोंड मिटून पाहिलं नाही. ही त्याची चूक, आणि ती मी लपवणार नाही. माझा जबडा वाकला होता. मी प्रत्येक माप दहा शतांश मिलिमीटर जास्त सांगत होतो, म्हणजे पिना तेवढ्याच बारीक होत होत्या. संध्याकाळपर्यंत साठ पिना वाया गेल्या. कापलेलं लोखंड काही परत चिकटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथनं मला उजेडासमोर धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो स्वतः होऊन मालकांकडे गेला. "मालक, ह्यो खंयतरी पडलेलो हा. कालच्या पिना गेल्या. मी बघूक नाय, ती माझी चूक. पण मी पाडूक नाय."

मालक नंदकिशोर यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब दहा माणसांसमोर म्हणाले, "तूच पाडलास. आता वर आम्हाला सांगतोस?"

त्याच दिवशी दशरथची नोकरी गेली. जाण्याआधी त्या भल्या माणसानं एक चिठ्ठी लिहून माझ्या पेटीत खळीनं चिकटवली, 'मापातून दहा शतांश वजा करा.' मालक नवा व्हर्नियर घेणार नव्हते, तेव्हा मागे राहिलेल्यांची फसगत होऊ नये म्हणून. मी मात्र त्या दिवशी शपथ घेतली की या इस्त्रीच्या शर्टाला मी तोंडघशी पाडीन.

मला हात नाहीत, पाय नाहीत. मी फक्त वाट पाहू शकत होतो. अकरा महिने पाहिली. मदतीला आली ती झुरळं. खळीच्या लोभानं त्यांनी चिठ्ठी कुरतडून खाल्ली. इतरांना आकडा पाठ होता. साहेबांना तो दिवसच विसरायचा होता, म्हणून आकडाही विसरला. आणि माझं तोंड मिटून पाहण्याची सवय त्यांना कधी नव्हतीच.

मग मुलुंडच्या एका कंपनीचं चारशे पिनांचं काम आलं. लेथवर सहदेव होता. पहिली पिन साहेबांनी मोजली, जाड आहे म्हणून आणखी कातायला लावली, कागदावर सही केली आणि म्हणाले, "अशाच काढ." सहदेव म्हणाला, "साहेब, वजा केलंत ना?" साहेब म्हणाले, "मला शिकवू नकोस." मी काही खोटं बोललो नाही. माझी खोट माझ्या तोंडावर होती, बघणाऱ्याला दिसली असती. मला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता.

चारशेच्या चारशे पिना परत आल्या. साहेबांनी लगेच सहदेवकडे बोट केलं. पण या खेपेला कागदावर सही होती. मालकांनी मला हातात घेतलं, जबडे मिटले आणि उजेडासमोर धरलं. मला वाटलं, आता साहेबांची नोकरी जाणार.

मालक म्हणाले, "असू द्या, विद्याधरराव. माणूस आहे, चुकायचाच."

बस्स. एवढंच. साठ पिनांना दशरथची नोकरी आणि चारशे पिनांना 'असू द्या'. माझं माप दहा शतांशांनी चुकतं. मालकांच्या मापात किती खोट आहे ते कुठल्या पट्टीनं मोजू?

सहदेव हळूच म्हणाला, "दशरथ पण माणूसच होता ना, शेठ." साहेबांची मान खाली गेली.

मालकांनी नवा व्हर्नियर आणला आणि मला भंगारात टाकायला सांगितलं. साहेबांनी मला खिशात घातलं आणि रविवारी असल्फ्याच्या टेकडीवर दशरथच्या खोलीत नेलं. दशरथ आता घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन होता. त्याच्या बायकोनं, द्रौपदीनं, चहा ठेवला. साहेबांनी मला पुढे केलं. "दशरथ, हा माझ्या हातून पडला होता. चूक माझी. मालकांशी बोलतो मी, तू परत ये."

दशरथनं मला घेतलं, फडक्यानं पुसलं. मग जबडे मिटून उजेडासमोर धरलं.

"साहेब, आळ घातलात तेव्हा धा माणसां होती. आज खंय आसत ती?"

दशरथनं मला फळीवर ठेवलं.

"उद्या शेडात त्या धा जणांसमोर ह्याच सांगा. मगे मी येतंय."

साहेबांनी चहाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "बघतो," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उतरून गेले.

त्याला दोन वर्षं झाली. मी दशरथच्या फळीवर असतो. शेडमधली माणसं अजून त्यालाच दोषी समजतात.

मित्रांनो, तुमच्या हातून काही पडलं तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगा. त्यानं कुणी मरत नाही. आणि रुमाल काढायचा मोह झाला, तर एवढं ध्यानात ठेवा की दशरथसारखी माणसं कदाचित विसरतील. मी पोलादाचा आहे.