मुकवाडीच्या नावाची हकीकत

साल फसली १३५२, म्हणजे इंग्रजी १९४२-४३ असावं, किंवा त्याच्या पुढचं. आता खात्री देता येत नाही. ज्या गोष्टीची बोचणी मी इतकी वर्षं मनात बाळगली, तिचं सालसुद्धा धड आठवू नये, यावरून बाकीच्या आठवणींवर किती विसंबायचं ते वाचकांनीच ठरवावं. जेवढं आठवतं तेवढं सरळ लिहितो.

निजामाच्या राजवटीत मी औरंगाबादच्या एका कचेरीत गावांच्या नावांच्या हकीकती गोळा करत असे. काम आवडीचं होतं. दुपारी मागच्या चिंचेखाली बसून मी फ्रेंच वाचायचो. हैदराबादला शिकताना त्या भाषेचा नाद लागला होता. त्या दिवसांत माझ्याकडे व्हालमुएत नावाच्या एका चिमुकल्या फ्रेंच गावाचा इतिहास होता, तिथल्याच पाद्रीबुवांनी लिहिलेला. व्हालमुएत म्हणजे मुकीचं खोरं.

एके दिवशी सोयगावकडचा कडूबा धनगर आपल्या म्हाताऱ्या आईला, राजाबाईला, घेऊन कचेरीत आला. त्यांच्या मुकवाडीची जुनी वस्ती म्हणून नोंद नव्हती, आणि जुनेपणाचा पुरावा म्हणून नावाची हकीकत दाखल झाली नाही तर वाडीचं गायरान जंगलखात्याकडे जाणार होतं.

“वाडी लई जुनी हाय, साहेब,” कडूबा म्हणाला. “पर नाव कशावरून पडलं, ते कुनालाच ठावं नाय.”

“मंग मेंढरं काय यांच्या टेबलावर चारायची व्हय?” राजाबाई म्हणाली.

माझ्या वाचनावरून मला थट्टेनं प्रोफेसर म्हणणारे कचेरीतले पेशकार निजामुद्दीन हसले. “अरे लिखो ना कुछ, प्रोफेसरसाहेब! गावालाच माहीत नाही, तर खोटं कोण म्हणणार?”

मी लिहिलं. पुस्तकातली हकीकत जशीच्या तशी उचलली. कळपामागून कुठूनशी एक मुकी मुलगी चालत आली, तिनं बोटानं जमीन दाखवली, तिथं पाणी लागलं आणि पाण्याभोवती वस्ती झाली. तिच्या डाव्या हाताला सहा बोटं होती, एवढा एक तपशील मात्र भलताच वाटला म्हणून गाळला. हकीकत मंजूर झाली, गायरान वाचलं, आणि मी मात्र परक्याच्या घरातून वस्तू उचलून आणल्यासारखा अवघडून राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात कडूबानं मला लेकीच्या लग्नाला नेलं. वाडी खुशीत होती. गायरानात मेंढरं पसरली होती, लहानथोर मला हात धरधरून पाणी दाखवायला नेत होते. पंगत बसली तेव्हा माझ्या शेजारची पत्रावळ रिकामीच राहिली. वाढणाऱ्यानं तिच्यावरही लापशी वाढली, पाणी ठेवलं.

“इथं कोण बसायचंय?” मी राजाबाईला विचारलं.

“ती. मुकी.” मग वाढणाऱ्यावर ओरडली, “आरं मेल्या, डावीकडनं नगं जाऊ! सहा बोटं हायती, लाजती ती.”

माझा घास हातातच राहिला. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? दर लग्नात मांडतोच की तिचं पान.”

“मग कचेरीत का नाही बोललात?”

“तवा ठावंच नव्हतं,” म्हातारी हसत म्हणाली. “तुमी लिवलं, मंग समद्यांना आठवलं. जेवा आता, लापशी निवतीय.”

मी जेवलो. इतकं सुग्रास जेवण मी क्वचितच जेवलो असेन. जेवताना नकळत थोडा उजवीकडे सरकून बसलो, शेजारच्या पानाला ऐसपैस जागा व्हावी म्हणून, आणि त्याचं मला फारसं नवलही वाटलं नाही.

ते पुस्तक पुढे कचेरीच्या हलवाहलवीत गहाळ झालं. निवृत्तीनंतर, मरण्याआधी कुठंतरी चोरीची कबुली द्यावी म्हणून, मी व्हालमुएतच्या गावकचेरीला पत्र लिहिलं आणि त्याच पुस्तकातलं नावाविषयीचं प्रकरण मागवलं. त्यांनी मोठ्या अगत्यानं छापील पानाचं छायाचित्र पाठवलं. त्यात मुलगी नाही, कळप नाही, पाणी नाही. पाद्रीबुवांचं एकच वाक्य आहे: आमच्या गावाला हे नाव का पडलं, याचा शोध मला अखेरपर्यंत लागला नाही.