गुलाबी पिस्तूल

लॉर्ना प्रुइटच्या लाँड्रीत या वर्षात दोनदा चोर शिरला होता. दुसऱ्या वेळी त्याने तिला मशीनवर आपटलं, तेव्हा ती टेनेसीतल्या आपल्या गावच्या बंदुकीच्या दुकानात गेली. अंगावर लपवता येईल आणि वेळेला दगा देणार नाही, असं काहीतरी तिला हवं होतं.

दुकानदार ड्वेनने काही न विचारताच गुलाबी पिस्तूल काढलं. "घ्या मावशी, खास बायकांसाठी! पर्समध्ये लिपस्टिकशेजारी मावतं."

लॉर्नाला किळस आली. तरी गोळी चढवायला ओढावा लागतो तो त्याचा वरचा भाग तिने मागे ओढून पाहिला. पिस्तूल इवलंसं, पण स्प्रिंग भलतीच कडक. संधिवाताच्या बोटांतून तो अर्ध्यावरच निसटला.

"राहू द्या, घरी काका भरून देतील की!"

"काकांना कबरीतून उठवून आणेपर्यंत चोर थांबेल का रे?"

ड्वेन निर्लज्जासारखा हसला. तिने काचेखालच्या काळ्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं.

"ते? ते म्हातारीचं खेळणं. पाचच गोळ्या."

"मागं ओढायची भानगड नाही ना? मग दे इकडं."

रिकामं असल्याची खात्री करून तिने ते भिंतीकडे रोखलं आणि चाप दहादा ओढून पाहिला. जड होता, पण दहाही वेळा पुरता ओढला गेला. मूठ तिच्या तळव्यात चपखल बसली होती, रोजच्या इस्त्रीच्या मुठीसारखी. ती इतकी सवयीची वाटली, म्हणूनच त्या गुलाबी पिस्तुलापेक्षा तिला याची जास्त शिसारी आली.

तिने हात स्कर्टला खसाखसा पुसला आणि म्हणाली, "हेच बांध."