अकरावं प्रकरण कोणाचं?

पुस्तक छापून आलं की लोकांना आपल्याला काहीही बोलायचा परवाना मिळतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. बत्तीस वर्षं धुळ्याच्या शाळेत गणित शिकवलं, पण माझ्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. आणि आता? भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी पिशवीत कोंबता कोंबता म्हणते, "बाई, तुमनं पुस्तक भारी शे, पन त्या कावळाले का बरं मारं?"

अगं बाई, कावळा मी नाही मारला! कावळा माझ्या विहिणीने मारला. पण ते सांगायची सोय नाही, कारण आमचं तसं ठरलं होतं.

पुस्तकाचं नाव 'नदीची घडी'. लेखिका दोन. एक मी, चारुलता. दुसऱ्या सुनंदाबाई, यावलजवळच्या केळीवाल्यांच्या घरातल्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, भूमिकाच्या सासूबाई. विहिणींनी मिळून लोणचं घालावं, फार तर पापड लाटावेत. आम्ही कादंबरी घातली, तीही राक्षसिणीची.

त्याचं असं झालं की भूमिकाला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला जळगावच्या दवाखान्यात आडवं केलं. बाळ सुखरूप हवं असेल तर उठायचं नाही, म्हणाले. दोन महिने! एक दिवस मी धुळ्याहून जायची, एक दिवस सुनंदाबाई यावलहून यायच्या. पोरगी कंटाळून रडकुंडीला आलेली. मोबाइल पाहून पाहून तिचं डोकं उठायचं. मग एके दिवशी सुनंदाबाईंनी तिला गोष्ट सांगायला घेतली. भुईआक्का नावाची एक राक्षसीण असते, ती एक दिवस तापी नदीची लुगड्यासारखी चापूनचोपून घडी घालते आणि पेटीत ठेवून देते. चिमकी नावाची पोर ती नदी परत आणायला निघते. संध्याकाळी चिमकीला मगरीच्या जबड्यात सोडून सुनंदाबाई खुशाल शेवटच्या गाडीने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर भूमिका म्हणाली, "आई, पुढचं तू सांग."

मी गणिताची बाई! पण म्हटलं, सासूने सांगितली आणि आईला जमेना, असं व्हायला नको. काढलं कसंबसं मगरीच्या तोंडातून. आणि निघताना चिमकीला एका खचणाऱ्या डोंगराच्या टोकावर उभी केली. आता सोडवा म्हणावं तिच्या सासूबाईंना! पुढे दोन महिने आम्ही हेच केलं. एकीने चिमकीला खड्ड्यात घालायचं, दुसरीने काढायचं. एकमेकींना इतकं छळून झाल्यावर आम्ही चांगल्या मैत्रिणी झालो. नात जन्मली, तीही धडधाकट. मग तेजस, म्हणजे माझा जावई, मागे लागला की हे सगळं लिहून काढा.

कोणतं प्रकरण कोणी लिहिलं ते कोणालाही सांगायचं नाही, ही अट माझी. का, तर लग्नातल्या पंगतीत आधी कोणाकडचे बसले यावरून दोन्हीकडचे लोक अजून कुरकुरतात. पुस्तकातही तेच करतील, याची मला खात्री होती.

आणि केलंच त्यांनी. यावलच्या बाजूचं मत असं की गोष्ट सुनंदाबाईंची, धुळ्याच्या बाईंनी नुसती वेलांट्या दुरुस्त केल्या. आमच्या धुळ्याच्या बाजूचं मत असं की जिथे जिथे डोकं वापरलंय तिथे चारुलताबाई, आणि जिथे जिथे खादाडी आहे तिथे विहीणबाई. भुसावळच्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी चार पानी पत्र पाठवलं. नदी पेटीत गेल्यावर पुलावरून गाड्या जात होत्या की थांबवल्या होत्या, हे लेखिकांनी स्पष्ट करायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. एकाला भुईआक्का आवडली आणि चिमकी आगाऊ वाटली. चिमकीवर जीव टाकणाऱ्या दुसऱ्या एकीने शेवटची चार प्रकरणं रागाने वाचलीच नाहीत. माझ्या सख्ख्या भावाने विचारलं, "हे लहान मुलांसाठी आहे का मोठ्यांसाठी?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही."

हे सगळं मी हसून घालवलं. मला खरी फिकीर एकाच प्रकरणाची होती. अकराव्या.

अकराव्या प्रकरणात चिमकी भुईआक्काच्या गुहेत शिरते आणि बघते तर काय, राक्षसीण पेटीवर डोकं ठेवून रडत बसलेली. तिने नदी का पळवली, हे तिला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. चिमकी विचारते. बस, एवढंच. लढाई नाही, जादू नाही. ते प्रकरण माझं. दवाखान्यात सांगितलेलं नाही, नंतर घरी एकटीने लिहिलेलं. आमचे हे, योगराज, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. माणूस सोन्यासारखा, पण अबोल. इंजिनातला बिघाड कानाने ओळखायचे आणि घरातली बायको आठ दिवस गप्प आहे, हे त्यांना कळायचं नाही. चार वर्षांपूर्वी गेले. माझं त्यांना सांगायचं राहिलेलं सगळं त्या अकरा पानांत आहे. बाकी पुस्तक कोणाच्याही नावावर घाला हो, पण ते माझं होतं.

डिसेंबरात उखर्डूभाऊंनी, म्हणजे सुनंदाबाईंच्या यजमानांनी, पुस्तकाच्या निमित्ताने मळ्यात भरीत पार्टी ठेवली. चाळीसेक माणसं. कपाशीच्या काड्यांवर हिरवी, लांबलचक वांगी भाजायला टाकलेली, बायका कळण्याच्या पुऱ्या तळतायत, सुनंदाबाई लाकडी बडगीत वांगी ठेचतायत. आणि उखर्डूभाऊ उभे राहिले. हा माणूस चारचौघांत बोलत नाही. बायकोच्या हातच्या जेवणाला कधी बरं म्हटलं नाही, हे सुनंदाबाईंनीच मला सांगितलेलं.

ते म्हणाले, "मी काही शिकेल मानूस नाही. पुस्तक बरं आहे, जरा लांबलं. पन ते अकरावं प्रकरन! ते आमच्या हिनंच लिहेल आहे. मले वाचल्याबरोबर समजलं." आणि टोपी काढून डोळे पुसले.

सगळे सुनंदाबाईंकडे वळून वा वा करायला लागले. मी पण पाहिलं त्यांच्याकडे. आता बोलतील, मग बोलतील. काही नाही! मान खाली घालून वांगी ठेचत राहिल्या. बडगीचा ठकठक आवाज मला अजून ऐकू येतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अट माझीच होती, कबूल. पण कोणाचं ते न सांगणं वेगळं आणि दुसरीचं आपल्या पदरात पडतंय ते गुपचूप बांधून घेणं वेगळं. मी कसंबसं चार घास गिळले, डोकं दुखतंय म्हणाले आणि जळगावची बस धरली. पुढे धुळ्यापर्यंत खिडकीशी बसून एकटीच बडबडत होते. शेजारच्या बाईने जागा बदलून घेतली.

नंतर पंधरा दिवस सुनंदाबाईंचा फोन उचलला नाही. भूमिकाचा आला. "आई, दुसरा भाग लिहिणार होतात ना? चिमकीला जिथे सोडलंय तिथून काढायची पाळी तुझी आहे."

"राहू दे तिथेच," मी म्हटलं. "तिच्या यावलच्या आजीला सांग काढायला."

"काय झालंय तुमचं?"

"काही नाही," म्हणून मी फोन ठेवला.

जानेवारीत धुळ्याच्या वाचनालयाने आमचा कार्यक्रम ठेवला. वाचकांची मतं आणि लेखिकांची उत्तरं, असा. पत्रिका छापून झाली होती, नाही कसं म्हणणार? मी कडक इस्त्रीचं पातळ नेसून, तोंड वाकडं करून गेले. सुनंदाबाई उखर्डूभाऊंबरोबर जीपने आल्या. उखर्डूभाऊ पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि सुनंदाबाईंनी मला हाताला धरून पुस्तकांच्या कपाटांमागे ओढलं.

"विहीणबाई, शिव्या द्या मला," त्या म्हणाल्या. "पण आधी ऐका. ह्यांनी ते अकरावं प्रकरण तीनदा वाचलं. ओळीखाली बोट धरून. आणि वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत होते. म्हणाले, तुले काय झालं होतं? पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं हो! त्यांना वाटलं, ती राक्षसीण मीच. मी काय सांगू, की ते मी नाही, विहीणबाई आहेत? काही नाही म्हटलं. नुसती रडत सुटले. लिहिलं तुम्ही, पण तसं रडणारी तर मीपण होते ना!"

पंधरा दिवस जी वाक्यं घोकून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"पण माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या ह्यांच्यासाठीचं ते. मला माहीत असून मी गप्प बसले. आज माईकवर सांगते सगळ्यांना. ह्यांच्यासमोर सांगते. तुमचं तुम्हाला परत."

तेवढ्यात आम्हाला व्यासपीठावर बोलावलं. नेहमीची मतं झाली. कावळ्याचं निघालंच. एका तरुण मुलीने सांगितलं, तिने पुस्तक दोन दिवसांत वाचलं. तिच्याच मैत्रिणीने सांगितलं, तिने दुसऱ्या प्रकरणात सोडलं. मग बन्सीलालजी उभे राहिले. हे वाचनालयाचे सगळ्यात जुने सभासद, कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. म्हणाले, "दोन हातांनी लिहिलेलं पुस्तक आहे आणि ते जागोजागी कळतं. शेवट घाईत उरकलाय. पण अकरावं प्रकरण ज्यांनी लिहिलं, त्यांना मला नमस्कार करायचाय. त्यांनी उभं राहावं."

ह्याच क्षणाची मी वाट पाहिली होती, खोटं कशाला बोलू? सुनंदाबाईंनी माईककडे हात नेला. पहिल्या रांगेत उखर्डूभाऊ बायकोकडे पाहत होते. असं पाहत होते की त्यांना आजूबाजूचं काही दिसत नसावं.

मी माईक हिसकावून घेतला. "अट मोडते," मी म्हटलं. "ते प्रकरण सुनंदाबाईंचं. उभ्या राहा, विहीणबाई."

टाळ्या पडल्या. बन्सीलालजींनी वाकून नमस्कार केला, सुनंदाबाई नको नको म्हणत उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून ओठ चावत राहिल्या. मला बरं वाटलं का? छे! मी काही संत नाही. ते माझं होतं, आणि मी ते सगळ्यांदेखत देऊन टाकलं होतं. आता परत मागायची सोय नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी चहाचा कप घेऊन पायऱ्यांपाशी उभी होते. उखर्डूभाऊ आले. विहिणीशी एरवी ते जमिनीकडे बघूनच बोलतात. आजही तसेच उभे राहिले.

"ताई, एक इचारू? ते राक्षसीन हाये ना, तिले चिमकी इचारते, काय झालं. तर ते म्हनते, काही नाही. पुन्हा इचारते, तर पुन्हा म्हनते, काही नाही. तिसऱ्या खेपेले सांगते. असंच लिहेल आहे ना?"

"हो, भाऊ," मी म्हटलं.

"हिनं बी मले दोनदा काही नाही म्हटलं," ते म्हणाले. "आता पुन्हा इचारतो."

ते पायऱ्या उतरून गेले. खाली जीपपाशी सुनंदाबाई पिशव्या ठेवत होत्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की सुनंदाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बोलायला लागल्या. हातवारे करून, पदराने नाक पुसत, मध्येच रागावून. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. उखर्डूभाऊंनी त्याला हातानेच गप्प केलं आणि तसेच उभे राहून ऐकत राहिले.

आमचे हे मी पहिल्यांदा काही नाही म्हटलं की मान डोलवून बाहेर जायचे. तिसऱ्यांदा विचारा हो, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. त्यासाठीच लिहिलं होतं ते प्रकरण. त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. पण दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला तरी वेळेवर पोचलं.