एक दिवसाआड

गाडीत बसल्या बसल्या धाकट्याचा हात सवयीने सीटखालच्या दांडीकडे गेला आणि तिथेच थांबला. सीट पुढेच होती. पाय क्लचवर अलगद टेकत होते.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मोठा भाऊ ताडमाड उंच. तो सीट पार मागे रेटून, पाय लांब सोडून ऐसपैस गाडी चालवायचा. धाकटा बुटका, आईच्या वळणावर गेलेला. त्यामुळे आपल्या पाळीच्या सकाळी दांडी ओढून सीट पुढे घ्यायची आणि तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटायचं, हा त्याचा दिवसाचा पहिला कार्यक्रम असे. आज पुटपुटायला कारणच उरलं नव्हतं आणि त्याला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गुडघे स्टिअरिंगला घासत मोठा एवढा पुढे का बसला असेल, या विचारात तो निघाला.

डांबरी रस्ता जिथे संपायचा, तिथून त्यांच्या वस्तीपर्यंत नुसती वाळू होती. ओहोटी लागली की पाण्याकाठची ओली पट्टी घट्ट व्हायची, तोच रस्ता. भरती आली की तो रस्ता समुद्राचा. मग वरच्या अंगाला, झुडपांच्या कडेने, पिठासारख्या भुसभुशीत वाळूतून जावं लागे, आणि तिथे चारही चाकांना जोर असलेली गाडीच चाले. तशी गाडी वस्तीत एकच होती. ती त्यांच्या बाबांनी आणली होती. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेचे मास्तर, गॅसच्या टाक्या, कोणाचं कपाट, कोणाच्या शेळ्या, सगळं तिच्यातून ये-जा करायचं.

मऊ वाळूत गाडी चालवणं झोपेत चालण्यासारखं असतं. रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळते. वाळूत आपण फिरवतो, मग गाडी थोडा विचार करते, मग वळते. चाकांचा आवाज येत नाही. समुद्र एका बाजूने सरकत असतो, झुडपं दुसऱ्या बाजूने, आणि आपण जागच्या जागी डुलतोय असं वाटतं. बाबांनी दोघांनाही इथेच शिकवलं होतं. टायरमधली हवा कमी करायची, हिसका द्यायचा नाही, ब्रेक मारायचा नाही आणि मऊ वाळूत काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलास की वाळू तुला घरचा समजते, जाऊ देत नाही, असं ते म्हणायचे.

अर्ध्या वाटेवर ऊन ओल्या पट्टीवरून उसळून काचेवर आलं. समोर सगळं पांढरं झालं. धाकटा नकळत पुढे झुकला, नाक काचेपाशी नेलं, डोळे बारीक केले. आणि तेव्हा त्याला सीटचं कोडं उलगडलं. दादाला दिसत नाही.

हे दादाला जाऊन विचारायचं, तर दोघा भावांचं बोलणं नव्हतं.

बाबांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा भरती टिपेला होती. पाणी झुडपांपर्यंत चढलेलं. मोठा किल्ली हातात घेऊन दारात उभा राहिला, समुद्राकडे बघत. "पाणी उतरू दे," एवढंच म्हणाला. पाणी उतरलं, पण तोवर बाबा राहिले नव्हते. रागाच्या भरात धाकटा त्याला म्हणाला होता, "तुझ्या जागी बाबा असते तर निघाले असते." मोठ्याने त्यावर काही उत्तर दिलं नाही, आणि ते न दिलेलं उत्तर इतकी वर्षं चाललं होतं.

गाडी मात्र एकच. तेव्हा दोन्ही जावांनी भांडी घासता घासता ठरवून टाकलं, एक दिवस ह्यांनी चालवायची, एक दिवस त्यांनी. संध्याकाळी गाडी बाबांच्या शेडमध्ये लावायची, किल्ली खिळ्याला अडकवायची. लोकांनाही ते अंगवळणी पडलं. मोठ्याच्या दिवशी माणूस उशिरा पोचतो पण कोरडा पोचतो, आणि धाकट्याच्या दिवशी वेळेवर पोचतो पण कपडे पिळावे लागतात, असं नर्सबाई म्हणायच्या. भाऊ एकमेकांना गाडीतूनच कळायचे. धाकट्याने तारेने बांधून भागवलेला आरसा दुसऱ्या दिवशी नीट स्क्रूने बसवलेला असायचा. मोठ्याला खोकला झाला की गोळ्यांचा कागद खालच्या कप्प्यात सापडायचा, आणि धाकटा तो पुन्हा होता तसा ठेवून द्यायचा.

त्या रात्री जेवताना त्याने बायकोला सीटचं सांगितलं. बायकोने ते जावेच्या कानावर घातलं. वहिनी म्हणाल्या, मी सांगून थकले, चष्मा करायला तयार नाहीत, उन्हाने होतं म्हणतात. आणि हे भाऊजींना कळलं असं त्यांना कळू देऊ नका, आधीच माणूस हळवा झालाय. दादाचं घर चार दारं सोडून. धाकटा दोनदा निघालासुद्धा. एकदा कोपऱ्यावरून परतला. एकदा दारापर्यंत गेला, आत दादाचा नुसता खाकरण्याचा आवाज ऐकला आणि मागे फिरला.

मग त्याने आपल्याला जमेल ते केलं. आपल्या पाळीच्या दिवशी वाटेत वाहून आलेली लाकडं ओढून बाजूला टाकू लागला. जिथे ओल्या पट्टीखाली वाळू पोकळ होती, जिथून वेळीच वर वळायला हवं, तिथे त्याने उंच काठ्या रोवल्या आणि लांबून दिसाव्यात म्हणून त्यांना जुन्या चादरीच्या पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. बायकोने विचारलं, चादर कुठे गेली. तो म्हणाला, कामी आली.

एका संध्याकाळी, मोठ्याचा दिवस होता, धाकटा ओट्यावर दोरखंडाची गुंडाळी करत बसला होता. वाऱ्याचा मागमूस नव्हता. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे झाले होते, मधली रेघ कोणीतरी पुसून टाकल्यासारखी. एवढ्यात वहिनी अंगणात आल्या. बाबा गेल्यापासून त्या त्याच्याशी थेट बोलल्या नव्हत्या, सगळं जावेमार्फत.

"भाऊजी, हे आले नाहीत अजून," त्या म्हणाल्या. "पाणी फिरलंय."

धाकट्याने काही विचारलं नाही. फावडं खांद्यावर टाकलं, दोन फळ्या काखेत मारल्या आणि चालू लागला.

किनाऱ्यावर उजेड होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. पायाखाली वाळू दबत होती आणि मागे पावलांत पाणी साचत होतं. बराच वेळ चालूनही आपण पुढे गेलोय असं त्याला वाटेना. मग धुरकटात एक काळा ठिपका दिसला, त्याची गाडी झाली, आणि गाडीशेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसणारा एक उंच माणूस झाला. थोडं पलीकडे धाकट्याची काठी उभी होती. पांढरी पट्टी निवांत लोंबत होती.

चाकं अर्धी आत गेली होती. मोठ्याने मान वर केली, कोण आलंय ते पाहिलं, पुन्हा उपसू लागला. धाकटा दुसऱ्या बाजूला गेला आणि फावड्याने खणू लागला. एका बाजूने हा, दुसऱ्या बाजूने तो, मध्ये गाडी. खणता खणता दोघांनाही पालथं पडावं लागलं, आणि गाडीच्या पोटाखाली, ॲक्सलपलीकडे, धाकट्याला दादाचा चेहरा दिसला. वाळूने माखलेला, म्हातारा झालेला. एवढ्या जवळून त्याने तो किती वर्षांत पाहिला नव्हता.

"हवा किती आहे?" धाकट्याने विचारलं.

मोठ्याने ओंजळभर वाळू बाजूला टाकली. मग म्हणाला, "तू ठेवतोस तेवढीच. अजून काढू?"

"काढ."

दोघांनी चारही टायरमधली हवा आणखी काढली, फळ्या चाकांपुढे सारल्या. मोठ्याने किल्ली पुढे केली. "तू बस. मला पुढचं नीट दिसत नाही," तो म्हणाला, अगदी सहज, आज वारा पडला आहे असं म्हणावं तसं.

धाकटा बसला. सीटला हात लावावा लागला नाही. गाडी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकून त्याने क्लच इतका हळू सोडला की इंजिनालाही कळू नये. गाडी हलली. फळीवर चढली, हातभर वर आली, आणि मागून रेटणाऱ्या दादाचा श्वास त्याला ऐकू आला. तेवढ्यात पाण्याची एक पातळ लाट चाकांखालून पुढे गेली, परत फिरली आणि जाता जाता फळीखालची वाळू घेऊन गेली. गाडी हळूच, दमलेल्या माणसाने बसावं तशी, खाली बसली.

त्यांनी पुन्हा खणलं. खणलेलं पाण्याने भरलं. आणखी एकदा खणलं. मग पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं, आणि फावडं कुठे मारायचं तेच दिसेना.

"दादा, चल आता."

मोठा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. "बाबांची गाडी आहे रे," तो म्हणाला.

"माहीत आहे. चल."

धाकट्याने त्याचा हात धरला. पाण्यातून वर येताना मोठा दोनदा अडखळला, तेव्हा धाकट्याने त्याचा दंड घट्ट धरला आणि वर पोचल्यावरही सोडला नाही. झुडपांच्या कडेला कोरड्या वाळूत दोघं बसले. ओले कपडे अंगाला चिकटले होते.

"इथे थांबलास कसा?" धाकट्याने शेवटी विचारलं. "तू कधी थांबत नाहीस."

मोठा हाताने वाळू सारखी करत होता. "माणूस दिसला," तो म्हणाला. "पाण्याकडेला उभा. पांढरा सदरा. हात वर केलेला, गाडीला करतात तसा." तो थांबला. "बाबा वाटले."

धाकट्याला त्या काठीकडे बघवेना.

"ती काठी मी रोवली होती, दादा."

"हो. जवळ गेल्यावर कळलं. गाठ तुझी होती." मोठा जरासा हसला. "लहानपणापासून तुला धड गाठ मारता येत नाही, बारक्या."

हे नाव बाबांनंतर कोणी घेतलं नव्हतं. धाकट्याने मान खाली घातली. काही तरी म्हणायला हवं होतं, इतकी वर्षं तो ते मनात घोळवत होता, पण आता त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. त्याने फक्त एवढंच सांगितलं की त्या दिवशी पाणी फार चढलेलं होतं, निघण्यासारखं नव्हतंच. मोठा ऐकून घेत होता.

"निघायला हवं होतं," तो म्हणाला. "तेव्हा निघालो नाही, आज थांबलो. माझं गणितच उलटं."

"तेव्हा निघाला असतास तर मलाही घेऊन बुडाला असतास. मी मागे बसलोच असतो."

"बसला असतास," मोठ्याने मान डोलावली. "तू ऐकतोस होय कोणाचं."

पाणी बॉनेटवर चढलं. काठी आता कुठे दिसत नव्हती. उद्यापासून नर्सबाई कशा यायच्या, मास्तर कसे जायचे, दोघांनी काय करायचं, हे सगळे प्रश्न उद्याकडे होते आणि उद्या अजून फार लांब वाटत होता. एवढ्यात पाण्याखाली काही तरी पिवळं पेटलं. गाडीचे दिवे आपोआप लागले होते. लाटेखाली दोन हिरवट, हलणारे गोळे तरंगू लागले.

मोठा डोळे बारीक करून बघत होता. "काय झालं रे? उजेड कसला?"

"खारं पाणी तारांत गेलंय. दिवे लागलेत." धाकटा पुढे झुकला, आणि त्याला आपोआप हसू आलं. "आणि वायपर सुरू झालाय."

"वायपर?"

"हो. काच पुसतोय. लाट येतेय, पुसतोय. पुन्हा येतेय, पुन्हा पुसतोय."

मोठाही हसला, आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता त्याने ओल्या बाहीने डोळे पुसले. मग तो शांत झाला आणि त्या धूसर उजेडाकडे तोंड करून बसून राहिला. त्याला तिथे काय दिसत होतं कोण जाणे.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अजून?"

धाकट्याने नीट पाहिलं, आणि सांगितलं, "अजून."